टोमॅटोची कैफियत

"टोमॅटो हे फळ आहे की भाजी?"

प्रश्न साधा होता. २०२३ च्या सप्टेंबरची अखेर होती आणि आमच्या तालुक्याच्या गावी शाळाशाळांमधली सामान्यज्ञानाची चढाओढ भरली होती. व्यासपीठावर सतरंजी, टेबलावर घंटी आणि परीक्षक म्हणून शहरातून मुद्दाम बोलावलेले एक विद्वान गृहस्थ. गुण मांडण्याचे काम माझ्याकडे होते. चिठ्ठी निघाली ती नेमकी आमच्याच शाळेच्या, सातवीतल्या एका मुलाच्या वाट्याला. मुलगा उभा राहिला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, टमाटे फळ बी नसतंय अन् भाजी बी नसती. ते माल असतंय."

सभागृह खदखदून हसले. परीक्षक महाशयांनी डोळ्यांतले पाणी रुमालाने टिपले आणि समजावणीच्या सुरात सांगितले की, वनस्पतिशास्त्राप्रमाणे टोमॅटो हे फळ होय. घंटी वाजली. मी मुलाच्या नावापुढे शून्य मांडले. खरे सांगायचे तर सर्वांबरोबर मीही हसलो होतो. हा लेख म्हणजे त्या हसण्याबद्दलचा माझा कबुलीजबाब आहे. परंतु एकट्याने कबुली देऊन मोकळे होण्याचा माझा विचार नाही. त्या दिवशी जे हसले आणि पुढे त्याच महिन्यातली टोमॅटोची बातमी वाचताना ज्यांनी पान उलटले, त्या सर्वांना मला कठड्यात उभे करावयाचे आहे.

आधीच सांगून टाकतो, मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर आहे. वस्तीशाळेच्या पत्र्याखाली शिकवायला लागलो आणि शिकवता शिकवता शिकलो. वनस्पतिशास्त्राशी माझे भांडण नाही; उलट गमतीदार माहितीचा मी हावरट आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात "तुम्हांला ठाऊक आहे काय?" अशी चौकट दिसली की अग्रलेखाच्या आधी ती वाचणारा मी माणूस. टोमॅटोएवढ्या गमती तर दुसऱ्या कोणत्याच फळाच्या पोटात नाहीत. त्या नीट ऐकल्या तर माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर चूक नव्हते हे त्यांतूनच सिद्ध होते, असा माझा दावा आहे.

प्रथम नावाचीच गंमत घ्या. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडचे. त्याला माणसाळवले ते मेक्सिकोकडच्या लोकांनी, आणि त्यांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' या शब्दावरून जगाने टोमॅटो हे नाव उचलले. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांबरोबर ते युरोपात पोचले. इटालियनांनी त्याला सोन्याचे सफरचंद म्हटले. दुसऱ्या कित्येकांनी ते विषारी ठरवून बागेत नुसते शोभेला ठेवले. कारण ते धोत्र्याच्या, बेलाडोनाच्या गोतातले. हा संशय अगदीच निराधार नव्हता. टोमॅटोच्या पानांत आणि कच्च्या हिरव्या फळांत टोमॅटिन नावाचे कडू द्रव्य असते. फळ पिकू लागले की ते ओसरत जाते.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बागांतून ते घरोघर गेले आणि जिथे गेले तिथे त्याला नवे नाव मिळाले. जुन्या मराठीत ते बेलवांगे होते. वऱ्हाडात ते भेदरे झाले. आमच्या बीडकडे ते टमाटे आहे. बंगाली माणसाने त्याला 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगे, म्हटले. हे वांगे प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे नाही. माझी आजी चातुर्मासात वांगे खात नसे आणि त्याच हिशेबाने टमाटेही ताटात येऊ देत नसे. "त्याच जातीचं हाय ते, नुसता रंग बदललाय," असे ती म्हणे. आम्ही शिकली-सवरली नातवंडे तिच्यावर हसत असू. पुढे वाचनात आले की, १७५३ साली लिनियसने टोमॅटोला वांग्याच्याच 'सोलॅनम' या कुळात घातले होते. १७६८ मध्ये फिलिप मिलर नावाच्या इंग्रज माळ्याने त्याला तिथून काढून 'लायकोपर्सिकॉन', म्हणजे लांडग्याचा पीच, असे वेगळे बिऱ्हाड थाटून दिले. ते दोनशेवर वर्षे चालले. अखेर पेशीतल्या जनुकांचा पुरावा हाती आला तेव्हा शास्त्रज्ञांनी टोमॅटोला मुकाट्याने वांग्याच्या घरी परत पाठवले. माझ्या निरक्षर आजीचे चातुर्मासातले वर्गीकरण बरोबर होते. जिच्यावर आम्ही हसलो ती बरोबर निघाली, हा माझ्या आयुष्यातला पहिला धडा. सप्टेंबर २०२३ मध्ये मी तो विसरलो होतो.

जनुकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक ऐका. टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला. अनेक देशांच्या त्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. टोमॅटोच्या बारा गुणसूत्रांपैकी पाचवे त्यांच्याकडे सोपवलेले होते. हिशेब असा निघाला की, टोमॅटोपाशी सुमारे ३५ हजार जनुके आहेत. माणसापाशी सुमारे २० हजार. जनुकांच्या संख्येवर जर कोणी मानमरातब ठरवू लागले तर बाजारात कोणी कोणाचा लिलाव करावा हा प्रश्न उभा राहील.

आता आमच्या परीक्षक महाशयांच्या आवडत्या प्रश्नाकडे येऊ. फळ की भाजी? हा प्रश्न जणू आकाशातून पडला आणि मुलांच्या करमणुकीसाठीच जन्मला, अशा थाटात तो विचारला जातो. मुलांना जे सांगितले जात नाही ते मी सांगतो. हा प्रश्न एका कचेरीत जन्मला, आणि पैशासाठी जन्मला.

१८८३ साली अमेरिकेने जकातीचा एक कायदा केला. बाहेरून येणाऱ्या भाज्यांवर दहा टक्के जकात बसली; फळांना ती माफ होती. न्यू यॉर्कच्या बंदरात वेस्ट इंडीजमधून टोमॅटो उतरत. तिथला जकात अधिकारी हेडन याने ते भाजी म्हणून मोजले आणि जकात घेतली. नाना प्रकारचा भाजीपाला-फळे आणणारा जॉन निक्स नावाचा व्यापारी म्हणाला, हे फळ आहे, माझे पैसे परत द्या. १८८७ मध्ये दावा लागला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी काय केले असेल? कोश उघडले आणि न्यायमूर्तींसमोर शब्दांचे अर्थ वाचून दाखवले. एकाने वाटाणा, वांगे, काकडी, मिरची असे शब्द वाचले. दुसऱ्याने उत्तरादाखल बटाटा, कोबी, गाजर, घेवडा वाचले. १० मे १८९३ रोजी निकाल लागला. न्यायालयाने मान्य केले की, शास्त्राप्रमाणे टोमॅटो हे वेलीचे फळ आहे. परंतु लोकांच्या बोलण्यात आणि बाजारात ती भाजी आहे. ती जेवणात मुख्य पदार्थांबरोबर वाढली जाते, जेवण संपल्यावर गोड म्हणून वाढली जात नाही. सबब ती भाजी. निक्सचे पैसे बुडाले.

वाचकहो, या खटल्याचा अर्थ काय? टोमॅटो म्हणजे काय हे त्या दिवशी झाडाकडे पाहून ठरले नाही. कोणाच्या खिशातून पैसा जायचा एवढाच तिथे वाद होता, आणि नावाचा वाद त्यावर पांघरूण म्हणून घातलेला होता. न्यायालयाने बाजाराची भाषा प्रमाण मानली. सातवीतला माझा विद्यार्थी तरी दुसरे काय म्हणाला होता? त्यानेही बाजाराची भाषाच प्रमाण मानली. फरक एवढाच की, न्यायमूर्तींच्या बाजारात टोमॅटो ही भाजी होती आणि मुलाच्या बाजारात तो माल होता. न्यायमूर्तींचे उत्तर जगभरच्या पुस्तकांत छापले गेले आणि मुलाच्या उत्तराला मी शून्य दिले.

तो 'माल' का म्हणाला, हे मला त्याच संध्याकाळी कळले. त्याचा बाप शाळेच्या फाटकाशी मुलाला न्यायला आला होता. बालाघाटच्या डोंगरातली दोन एकरांची जमीन, त्यात एक शेततळे. दरवर्षी दसरा झाला की नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी. त्या वर्षी त्यांनी कधी नव्हे तो बेत केला होता की, यंदा उचल घ्यायची नाही, कारखान्याला जायचे नाही, गावातच राहायचे, पोराची शाळा मोडू द्यायची नाही. या बेताला धीर दिला तो टोमॅटोने.

त्या साली काय झाले ते आठवा. जूनच्या अखेरीस टोमॅटोचा भाव चढू लागला आणि जुलैत शहरांतून किलोला शंभर, दीडशे, कुठे दोनशेच्याही वर गेला. केवढा हाहाकार! चित्रवाणीवर चर्चा, व्यंगचित्रे, विनोद. सरकार खडबडून जागे झाले. सहकारी संस्थांमार्फत टोमॅटो विकत घेऊन १४ जुलैपासून दिल्लीत ९० रुपये किलोने, मग ८० ने, मग ७० ने लोकांना विकण्यात आला. नेपाळातून टोमॅटो आणत असल्याची माहिती १० ऑगस्टला संसदेत देण्यात आली. खाणाऱ्याच्या ताटातली कोशिंबीर वाचवण्यासाठी एक राष्ट्र किती चपळाईने हलू शकते ते आम्ही पाहिले. मी या चपळाईची थट्टा करीत नाही. तिच्यामुळेच माझी तक्रार उभी राहते.

याच भावाकडे पाहून त्या बापाने जुलैच्या पहिल्या आठवड्यात वीस गुंठे रोप लावले. रोपवाटिकेतली रोपे, मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, बांबू, तार, सुतळी. टोमॅटोच्या झाडाला स्वतःच्या फळांचे ओझे पेलत नाही. त्याला बांधून उभे करावे लागते. पुढे ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट देशाने पाहिलेला नाही. शेततळ्याच्या तळाचे पाणी त्याने त्या वीस गुंठ्यांना घातले. लावणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत दोन-सव्वादोन महिने लागतात. जुलैचा भाव पाहून त्याने रोप लावले, तसे राज्यात ज्याच्यापाशी दोन हंडे पाणी होते त्या प्रत्येकाने लावले. सगळ्यांची झाडे एकाच पंचांगाने चालणार. सप्टेंबरच्या मध्यावर सगळा टोमॅटो एकदम पिकला आणि दोन महिन्यांपूर्वी ज्याच्यासाठी संसद बोलली त्याला बाजारात कोणी उचलेना.

बापाने खिशातून पट्टी काढून माझ्या हातात दिली. तेवीस कॅरेट. कॅरेटमध्ये वीस किलो. कॅरेटला सत्तर रुपये भाव, म्हणजे किलोला साडेतीन. एकूण १६१० रुपये. त्यातून गाडीभाडे कॅरेटला तीस रुपयांप्रमाणे ६९० गेले. हमाली, तोलाई मिळून १८४ गेले. हातात पडले ७३६. आणि तो तोडा करायला लावलेल्या तीन बायांची मजुरी ९००. "गुर्जी, मोजून बघा बरं, माझंच काय चुकलं का," तो म्हणाला. मी मोजले. त्याचे चुकले नव्हते. ४६० किलो टोमॅटो जगाला देऊन वर १६४ रुपये पदरचे घालणारा हा माणूस मी पाहिला. बी, खत, औषध, बांबू यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

मी तीस विद्यार्थ्यांना नफातोट्याची गणिते शिकवतो. मी स्वतः घातलेल्या गणितांत शेतकऱ्याला नेहमी नफाच होत आला आहे. कारण उत्तर सोपे येते. दुसऱ्या दिवशी ही पट्टी मी फळ्यावर लिहिली. उत्तर वजा आले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, असं असतंय तर लावत्यात कशाला?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही चौकटीत छापलेले मी पाहिले नाही.

आता काही मंडळी म्हणतील की, मास्तर, ही तर मागणी-पुरवठ्याची साधी गोष्ट आहे. जुलैत काही शेतकऱ्यांनी लाखो कमावले ते का सांगत नाही? सांगतो. जुन्नरकडच्या काही शेतकऱ्यांना त्या हंगामात घबाड मिळाले, आणि मला त्याचा आनंद आहे. परंतु त्यांनी झाड लावले ते मे महिन्याच्या आधी, जेव्हा भाव पडलेला होता आणि शेजारी उपटून टाकीत होते. ज्याला दोन हंगामांचे नुकसान सोसण्याची ऐपत आहे तोच तिसऱ्या हंगामाच्या घबाडापर्यंत टिकतो. आमच्या डोंगरावरच्या माणसाजवळ एकच हंगाम असतो आणि तोही मुकादमाच्या उचलीकडे गहाण पडण्याच्या बेतात असतो. त्याच्याशी मागणी-पुरवठ्याच्या गप्पा करणे म्हणजे बुडणाऱ्याला भरती-ओहोटीचे शास्त्र समजावणे होय.

दुसरे म्हणतील की, टोमॅटो नाशवंत आहे, त्याला कोण काय करणार? हे 'नाशवंत' प्रकरण मी विशेष ध्यानात आणून देऊ इच्छितो, कारण नावाचा खरा डाव इथे आहे. टोमॅटोत शंभरातले सुमारे पंच्याण्णव भाग पाणी असते हे खरे. तोडल्यावरही ते फळ पिकतच राहते, स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडते आणि त्या वायूने स्वतःला व शेजाऱ्याला पिकवते, हेही खरे. परंतु दूध याहून नाशवंत नाही काय? दुधासाठी आपण शीतकरणाची केंद्रे काढली, संघ काढले, भुकटी केली. नाशवंतपणा हा दुधाच्या बाबतीत सोडवण्याचा प्रश्न ठरला आणि टोमॅटोच्या बाबतीत नशीब ठरला. टोमॅटो पिकवण्यात आपला देश चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे. वर्षाला सुमारे दोन कोटी टन. त्यातले रस, पेस्ट, भुकटी यांकडे जाते ते नाममात्र. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा या तिघांसाठी ५०० कोटींची 'ऑपरेशन ग्रीन्स' ही योजना जाहीर झाली. पाच वर्षांनी आमच्या मुलाचा बाप साडेतीन रुपयांची पट्टी घेऊन माझ्यापुढे उभा होता. केंद्र सरकार बावीस पिकांना हमीभाव जाहीर करते. त्यांत टोमॅटो नाही. भाव चढला की हा जीवनावश्यक पदार्थ असतो आणि पडला की नाशवंत भाजीपाला असतो. एकाच फळाची ही दोन नावे, आणि दोन्ही वेळा नाव ठेवणारा खाणारा.

नाव काय करू शकते याची साक्ष आमच्याच जिल्ह्यात आहे. सीताफळ हेही टोमॅटोसारखेच अमेरिकेहून आलेले पाहुणे. शतकानुशतके ते आमच्या डोंगरांत रानोमाळ उगवले. २०१६ साली 'बीडचे सीताफळ' असे त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. परके फळ कागदावर आमच्या गावचे झाले! मला त्याचा अभिमानच आहे. माझे म्हणणे एवढेच की, लेखणी मनात आणील तर फळाला घर देऊ शकते.

आणि लेखणी मनात आणील तर मारूही शकते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन भरात, नगर-पुणे भागातल्या टोमॅटोवर रोग पडला. फळावर हिरवे-पिवळे-तांबडे पट्टे येत म्हणून शेतकरी त्याला 'तिरंगा' म्हणू लागले. कोणीतरी 'टोमॅटोचा व्हायरस' असा पुकारा केला. करोनाने भेदरलेल्या लोकांनी तेवढाच शब्द ऐकला आणि टोमॅटोकडे पाठ फिरवली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले. तो प्रामुख्याने काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू निघाला. झाडाचा विषाणू माणसाला बाधत नाही, ही खरोखर ठाऊक असावी अशी माहिती. तेव्हा ती चौकट कोणी छापली? छापेपर्यंत माल सडला होता.

खाणाऱ्याच्या नजरेने या फळाचे केवढे नुकसान केले आहे त्याची आणखी एक गोष्ट सांगतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला टोमॅटो सगळीकडून सारखा लाल हवा असतो. जुन्या वाणांच्या फळांना देठाशी गडद हिरवा खांदा असे. बियाणे तयार करणाऱ्यांनी, फळ सारखे पिकावे म्हणून, तो खांदा नसलेले वाण निवडत नेले. २०१२ साली शास्त्रज्ञांना उमगले की, त्या हिरव्या खांद्याबरोबर फळात साखर तयार करणाऱ्या जनुकाचे कामही बंद पडले आहे. म्हणजे रूप आले आणि गोडी गेली. वर तोच गिऱ्हाईक तो टोमॅटो फ्रिजमध्ये घालतो. त्या थंडीने उरलासुरला वास मरतो. मग तो म्हणतो, हल्लीच्या टोमॅटोला पूर्वीची चव नाही. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फळात तांबडा रंग धरतच नाही. तिशीच्या पुढे उष्णता गेली की लायकोपीन हे रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट राहते. बाजारात व्यापारी ते बोटाने उलटसुलट करतो आणि म्हणतो, "रंग नाही, भाव कमी." सूर्याने केलेल्या गुन्ह्याचा दंड शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जातो.

स्पेन देशात बुन्योल नावाचे गाव आहे. १९४५ पासून तिथे ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक एकमेकांवर टोमॅटो फेकून मारण्याचा उत्सव करतात. शंभर टनांहून अधिक टोमॅटो त्या एका तासात चिखल होतो. जगभरातून माणसे तिकीट काढून पाहायला येतात. मुलांच्या मासिकांत याची रंगीत चित्रे येतात आणि माझे विद्यार्थी ती डोळे विस्फारून पाहतात. २०२१ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडेही रस्त्यावर टोमॅटोचा चिखल झाला होता. नाशिक आणि औरंगाबाद या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी दोन-तीन रुपयेही भाव मिळेना म्हणून गाड्यांतले टोमॅटो रस्त्यावर ओतले. एकच आठवडा, एकच फळ, तोच लाल चिखल. पहिल्याला गंमत म्हणतात, दुसऱ्याला बातमी म्हणतात, आणि ती बातमी आतल्या पानावर असते.

माझा आक्षेप आहे तो असा. आपण मुलांना माहिती देतो ती अर्धी देतो. टोमॅटो फळ आहे हे सांगतो, त्या वादात कोणाचे पैसे बुडाले हे सांगत नाही. त्याचा रंग लायकोपीनचा हे सांगतो, तो रंग न धरल्याचे पैसे कोण भरतो हे सांगत नाही. अशा अर्ध्या माहितीने हुशार मुले तयार होतात आणि ती पुढे टोमॅटो महागला की ओरडतात, स्वस्त झाला की गप्प राहतात. यात मी लेखक म्हणूनही सुटत नाही. मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत दुष्काळ आहे, कोयता आहे, बैलगाडीत बाळंत होणारी बाई आहे. पट्टी एकदाही नाही. दुःख थोर असले की ते साहित्यात येते; १६४ रुपयांचा तोटा साहित्यात येत नाही. परंतु कोयता हातात येतो तो या १६४ रुपयांमुळेच.

उपाय काय, असे विचारणाऱ्याला मी मास्तरच्या अकलेने सांगतो. १ नोव्हेंबर २०२० पासून केरळ राज्याने सोळा भाज्या-फळांना आधारभाव ठरवून दिला. उत्पादन खर्चाच्या वर वीस टक्के धरून. त्यांत टोमॅटोला किलोमागे ८ रुपये होते. आठ रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही. परंतु माझ्यासमोरच्या त्या पट्टीवर साडेतीनऐवजी आठ असते तर १६१० च्या जागी ३६८० रुपये झाले असते, आणि एक कुटुंब त्या दसऱ्याला गावात राहिले असते. जुलैत नव्वद रुपयांनी विकत देण्यासाठी सरकार बाजारात उतरू शकते, तर सप्टेंबरात आठ रुपयांनी विकत घेण्यासाठी का उतरू शकत नाही? हा प्रश्न पुढच्या चढाओढीच्या पेटीत मी स्वतः टाकणार आहे.

ते कुटुंब राहिले नाही. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी टोळीचा ट्रॅक्टर आला. भांडी, शेळी, पत्रे आणि त्यांच्यावर बसलेला तो मुलगा. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होती, मी बापाला सांगूनही पाहिले. पण धाकटी बहीण दीड वर्षाची होती आणि आई फडात असताना तिला सांभाळायला कोणीतरी हवे होते. त्या वर्षीची दिवाळी त्यांनी कारखान्याच्या तळावर केली. मुलगा मार्च सरल्यावर परतला. सहामाहीचा अभ्यास बुडालेला, तळहाताला घट्टे. पुढे आमची शाळा संपली आणि तो माझ्या वर्गातून गेला.

त्याच्या नावापुढचे ते शून्य माझ्याकडच्या वहीत अजून तसेच आहे. परवा मी ती वही काढली. चढाओढ केव्हाच संपली, ढाल दुसऱ्या शाळेकडे गेली, परीक्षक महाशय आता कुठे असतात तेही मला ठाऊक नाही. तरी मी तांबड्या शाईने ते शून्य खोडले आणि पूर्ण गुण मांडले. शेरा लिहिला: उत्तर बरोबर. प्रश्न चुकला होता.